फ्रेम सरळ होती

चौतीस वर्षं मी दुचाक्या दुरुस्त करतोय. न होणारी गाडी होईल असं सांगून मी कुणाला लटकवलं नाही, आणि होणारी गाडी होत नाही असं फक्त एकदाच म्हणालो. त्या एकदाचंच इथं लिहितो. बाकी लिहिण्यासारखं फार नाही. चेन सैल झाली, प्लग काळा पडला, क्लच घसरतोय, हेच आलटून पालटून. आता कंबर धरते, उजव्या मनगटात जोर उरला नाही, आणि गाडीपाशी उकिडवा बसलो की उठताना तिच्याच सीटला धरून उठावं लागतं.

माझं गॅरेज चिकलठाण्यात, जालना रोडपासून जरा आत. आजूबाजूला कंपन्या, त्यामुळं गिऱ्हाईक बहुतेक कामगार. त्यांचं म्हणणं एकच असतं, रफिकभाई, शिफ्टला जायच्या आधी गाडी चालू पाहिजे. पण गेल्या आठ-दहा वर्षांत अधूनमधून वेगळीच माणसं यायला लागली. त्यांची गाडी चालू असायची. ती त्यांना बदलून पाहिजे असायची. ‘सुपरमोटो करून द्या’ म्हणायची.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरात, मातीत पळवायची गाडी तुम्ही पाहिली असेल. उंच, सडपातळ, पुढचं चाक मोठं आणि टायरला जाड जाड दाणे. तिची दोन्ही चाकं काढायची. त्यांच्या जागी लहान, सतरा इंची चाकं घालायची आणि डांबराला चिकटून चालणारे रुंद, मऊ टायर. पुढं ब्रेकची मोठी डिस्क. शॉकअप थोडे कडक. झाली सुपरमोटो. अंग मातीच्या गाडीचं, पाय डांबरी गाडीचे. परदेशात तिच्या शर्यती होतात म्हणे, थोडा रस्ता मातीचा आणि थोडा डांबराचा. आपल्याकडं त्यासाठी वेगळी शर्यत भरवायची गरज नाही. क्रांती चौकातून निघून कुठल्याही वसाहतीत शिरा.

आणि खरं सांगायचं तर गावात चालवायला अशी दुसरी गाडी नाही. माणूस ताठ बसतो, हँडल रुंद असतं, कारच्या टपावरून पुढचं दिसतं. खड्डा आला तर ती खड्डा गिळते, स्पीडब्रेकरला नुसती मान हलवते. वजन इतकं कमी की वळताना आपण कलायचंच नाही. आपण सरळ बसायचं आणि गाडीला मांडीखालून खाली ढकलायचं. ती वळते आणि लगेच परत उभी राहते. पहिल्यांदा मी अशी गाडी केंब्रिज चौकापर्यंत नेऊन आणली तेव्हा पन्नाशीच्या जवळ होतो, आणि गॅरेजवर परत आल्यावर उगाच अजून एक फेरी मारून आलो. ट्रायल म्हणून. ट्रायल पहिल्याच फेरीत झाली होती.

खोडी पण लई. सीट म्हणजे फळी. टाकी लहान. ऐंशीच्या पुढं वारा छातीवर येऊन बसतो, म्हणून हायवेला नको. मऊ टायर लवकर झिजतात. उंची तर विचारू नका. एक पतसंस्थेतले क्लार्क होते, अंगानं बुटके. हौसेनं गाडी करून घेतली आणि मग जन्मभर दुभाजकाला चिकटून चालले, कारण सिग्नलला पाय टेकवायला त्यांना दुभाजकच लागायचा.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं. एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, ती म्हणजे पुढचा ब्रेक. गाडी हलकी, शॉकअप लांब, डिस्क मोठी. ब्रेक धरला की गाडी नाक खाली घालते. एका बोटानं धरायचा तो ब्रेक. आणि घाबरलेला माणूस कधीच एका बोटानं ब्रेक धरत नाही, चारही बोटं आवळतो. शिवाय ते मऊ टायर गरम झाल्याशिवाय रस्ता पकडत नाहीत. थंडीत पहिली दहा-पंधरा मिनिटं जपून. म्हणून माझा एक नियम होता. गाडी दिल्यावर पहिला महिना ब्रेकला जुने, मऊ, कमी पकडणारे पॅड ठेवायचे. आणि मालकानं तीन सकाळी माझ्याबरोबर मोकळ्या मैदानात यायचं. बोटाला सवय लागली की मग चांगले पॅड.

मिलिंदराव आले ते एका रविवारी. बेचाळिशीचे, पुंडलिकनगरात घर, इथल्याच एका कंपनीच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, बनवायचे. जुनी मातीतली गाडी त्यांनी कुणाकडून तरी घेतली होती, त्या वेळची, ब्रेक धरल्यावर चाक अडकू नये म्हणून हल्ली जी सोय असते ती नसलेली. मी विचारलं, तुम्हाला कशाला पाहिजे हे? शर्यत-बिर्यत?

ते म्हणाले, “दिवसभर मी एका जागी उभा राहतो, रफिकभाई. जाता-येता वीस मिनिटं तरी हलल्यासारखं वाटू दे.”

हे कारण मला पटलं. मी पण दिवसभर एका जागीच बसलेला माणूस.

तीन महिने आम्ही रविवार-रविवार काम केलं. चाकाचे आरे मी भरले, चाकात बसवायचे बुश त्यांनी स्वतः ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कातून आणले. खिशात व्हर्नियर, बारीक माप घ्यायची पट्टी, घेऊन यायचे. मी अंदाजानं बसवलेली वस्तू ते मोजायचे आणि काही न बोलता मान हलवायचे. त्यांची मान हलली की मला बरं वाटायचं. इतकी वर्षं काम केलं, पण माझं काम मोजून बघणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. त्यांच्या मिसेस, शुभांगीताई, शाळेत शिकवायच्या. एकदा-दोनदा डबा घेऊन आल्या. गाडीकडं बघून म्हणाल्या, ही एवढी उंच कशाला? मिलिंदराव म्हणाले, खड्डे दिसावेत म्हणून. त्या हसल्या नाहीत.

गाडी तयार झाली त्या दिवशी मिलिंदरावांनी नवे पॅड बसवा म्हणून आग्रह धरला. मी महिनाभर थांबा म्हणालो. ते म्हणाले, मी दिवसभर मायक्रॉनमध्ये काम करतो, मला ब्रेक कळणार नाही का. त्यांना तीन सकाळी यायला पण जमणार नव्हतं, शिफ्ट बदलली होती. एका सकाळी आले. छान चालवली. माणूस हाताचा हुशार, शंकाच नव्हती.

मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणायचंच माझं काम होतं. पण इतक्या जिवानं केलेली गाडी मला पण पुरी झालेली बघायची होती. जुने पॅड घालून ती अर्धवट द्यावी असं माझ्याच्यानं होईना. मी नवे पॅड बसवले.

अकरा दिवस ते चालवत होते. बाराव्या दिवशी सकाळी, पहिल्या शिफ्टला निघालेले. डिसेंबरची थंडी. घरापासून मुकुंदवाडी म्हणजे जेमतेम काही मिनिटं, टायर अजून गारच. पुढची रिक्षा प्रवासी बघून एकाएकी थांबली. तिथंच कुठल्या तरी टिप्परमधून सांडलेली वाळू होती. मिलिंदरावांनी चारही बोटं आवळली. पुढचं चाक अडकलं, गाडी डाव्या अंगावर गेली आणि पाय खाली सापडला. हेल्मेट होतं, जाकीट होतं, म्हणून वरचं सगळं वाचलं. डावी नडगी दोन ठिकाणी मोडली.

मला फोन केला तो त्याच रिक्षावाल्यानं. टाकीवर माझ्या गॅरेजचं स्टिकर होतं. मी पोचलो तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं. मी टेम्पोत गाडी घालून आणली आणि आल्या आल्या पहिल्यांदा ब्रेक उघडला. कुठं काही चुकलेलं सापडावं असं मला वाटत होतं. तेल गळतंय, पिस्टन अडकलाय, काही तरी. काही नव्हतं. ब्रेक उत्तम होता. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं होतं. तो त्या दिवशी त्या गाडीत असायला नको होता, एवढंच, आणि त्याला मी तिथं बसवलं होतं.

मग बाकीचं बघितलं. पुढचे शॉकअप वाकलेले, हँडल गेलेलं, टाकीला पोचा. फ्रेमला दोरी लावून बघितली. सरळ. अशा मारात फ्रेम मानेपाशी वाकते, जिथं हँडल बसतं तिथं, आणि वाकली की तिथला रंग आधी तडकतो. रंगाला केसाएवढी चीर नव्हती. पंधरा दिवसांचं काम होतं, जास्त नाही.

दवाखान्यात गेलो तर मिलिंदरावांनी पायाचं काही सांगितलंच नाही. गाडीचं काय, म्हणाले. मी म्हणालो, बघतो अजून.

दोन दिवसांनी दुपारी शुभांगीताई गॅरेजवर आल्या. हातात दवाखान्याची पिशवी. मी स्टूल दिलं, पाणी दिलं. मला वाटलं, आता मला बोल लावणार. बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. त्या दहा मिनिटं नुसत्या गाडीकडं बघत बसल्या. मग विचारलं, ही दुरुस्त होते का?

होते, मी म्हणालो.

“त्यांना होत नाही म्हणून सांगा.”

त्या खालच्या आवाजात सांगत गेल्या. म्हणाल्या, मी नको म्हटलं तर ते ऐकतील, नाही ऐकणार असं नाही. पण मग ते माझं नको म्हणणं होईल. पुढं कधी काही बिनसलं, कुणाची गाडी दारावरून गेली, की ते आमच्या दोघांत येईल. जन्मभर येईल. “तुम्ही म्हणालात तर ते गाडीचं नशीब होईल. तुमचं मोजमाप ते खोटं धरणार नाहीत.”

तिथंच तर अडचण होती. त्यांना पण ती कळत होती, म्हणूनच त्या माझ्याकडं आल्या होत्या.

घरी मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली पण नाही. “आदमी बच गया ना,” म्हणाली, “फिर मशीन का क्या लेके बैठे.” तिच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्या दृष्टीनं संपला नाही. हातात कौशल्य आहे असं म्हणवणाऱ्या माणसाकडं सांगण्यासारखं दुसरं काही नसतं, एवढंच असतं की हा म्हणाला होत नाही म्हणजे होत नाही. पण पॅड मी बसवले होते. त्या बाईला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. सांगतो म्हणालो, आणि तुमचं नाव कधी निघणार नाही असा शब्द दिला.

दीड महिन्यानं मिलिंदराव कुबड्या घेऊन रिक्षातून आले. मी आडपडदा ठेवला नाही, म्हणजे ठेवला, पण बोललो सरळ. म्हणालो, मिलिंदराव, फ्रेम मानेतून गेली. ओढून सरळ करता येते, पण मी करणार नाही, कुणाकडून करून पण घेऊ नका. ते गाडीजवळ गेले. एक कुबडी टाकीला टेकवली आणि मानेच्या नळीवरून अंगठा फिरवला. हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी दुसरीकडं बघत होतो. मला वाटलं, आता खिशातून व्हर्नियर काढतील.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, ठेवा तुमच्याकडंच. पार्ट कुणाला कामाला आले तर वापरा. आणि रिक्षात जाऊन बसले.

पार्ट काढणं मला जमलं नाही. गाडी मागच्या भिंतीला लावून तिच्यावर ताडपत्री टाकली. मधे एकदा रिकामा वेळ होता तेव्हा शॉकअप बदलले, हँडल बसवलं, पॅड काढून मऊ घातले. कशासाठी ते विचारू नका. चालू करून बंद केली आणि परत झाकली. त्यानंतर दोघंजण आले सुपरमोटो करून मागायला. मी दोघांना परत पाठवलं. कंबर दुखते म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं.

तीन वर्षं गेली. मिलिंदरावांनी कार घेतली. किंचित लंगडतात, पण बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शुभांगीताईंची स्कूटी सर्व्हिसिंगला माझ्याकडंच येते, कधी त्या आणतात, कधी ते. गेल्या उन्हाळ्यात मी गॅरेज आवरायला घेतलं. दोन गाळ्यांचं काम आता झेपत नाही, एक सोडून द्यायचा होता. मागच्या भिंतीचं सामान हलवताना ताडपत्रीपाशी थांबलो. त्याच आठवड्यात मिलिंदराव स्कूटी घ्यायला आले. मी म्हणालो, जरा बसा.

चहा सांगितला. चहा यायच्या आतच सांगून टाकलं. फ्रेम सरळ होती. मी खोटं बोललो. शुभांगीताईंचं नाव मी घेतलं नाही, तो शब्द मी त्यांना दिला होता.

त्यांना धक्का बसेल, ते चिडतील, उठून जातील, यातलं सगळं मी मनात धरून ठेवलं होतं. ते म्हणाले, “माहीत होतं मला. अंगठा फिरवला होता ना मी. रंगाला चीर सुद्धा नव्हती.”

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

ते जे बोलले ते मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतंय, पण इथं थोडक्यात सांगतो. दवाखान्यात डोळे मिटले की त्यांची उजव्या हाताची बोटं आपोआप आवळायची. चारही. ती गाडी परत चालवायची नाही हे त्यांच्या मनानं तिथंच ठरवलं होतं. पण कंपनीतले लोक भेटायला येऊन म्हणायचे, काही नाही, दोन महिन्यांत परत गाडीवर. मी त्यांच्यासाठी तीन महिने रविवार घातले होते. शुभांगीताईंनी तीन महिने काही न बोलता सहन केलं होतं. एवढ्या सगळ्यांपुढं त्यांनी ‘मी घाबरलो’ असं म्हणायचं कसं? म्हणून रोज गाडीचं विचारत राहिले.

“तुमच्याकडं येताना रिक्षात देवाला म्हणत होतो, फ्रेम गेलेली असू दे. तुम्ही गेली म्हणालात. अंगठा फिरवला तेव्हा कळलं की तुम्ही माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणालात. उपकार आहेत तुमचे.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलंच नव्हतं. पण ते म्हणणं मी तसंच राहू दिलं. न केलेल्या गोष्टीचे आभार घेताना माणूस किती लहान होतो ते त्या दिवशी कळलं.

आम्ही ताडपत्री काढली. ते गाडीवर बसले, चालू केली, इंजिन गरम होईपर्यंत तसेच बसून राहिले. पुढच्या ब्रेकला हात लावला नाही. मग बंद केली. आयटीआयला देऊन टाका, म्हणाले, मुलं उघडून शिकतील. स्कूटी घेऊन निघताना परत फिरले. “एक करा, शुभांगीला हे सांगू नका. मी त्या गाडीसाठी झुरतोय असं तिला वाटतं. ती माझं फार मन सांभाळते त्यामुळं. आता कुठल्या तोंडानं सांगू.”

मी बरं म्हणालो.

गाडी आयटीआयला गेली. पण मला हलकं वाटायचं सोडून उलटंच झालं. गणपतीच्या आधी शुभांगीताई स्कूटीचा मागचा टायर बदलायला आल्या. काम चालू असताना उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून घर शांत असतं. बाहेरून अशी फाडफाड आवाजाची गाडी गेली की हे खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. मी स्वयंपाकघरातून बघते आणि मला जेवण जात नाही.

“रफिकभाई, मी त्यांचं एक सुख काढून घेतलं. ते कधी तुमच्याजवळ बोलले का?”

मिलिंदराव खिडकीपाशी का जातात ते मला ठाऊक होतं. आवाज कुठल्या दिशेनं येतोय ते भीतीपोटी बघायला जातात. मी सुद्धा त्या आवाजाला दचकतो. एका वाक्यात त्या बाईचं तीन वर्षांचं ओझं उतरलं असतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण बरं म्हणालो होतो ना मी.

“नाही ताई,” मी म्हणालो, “कधी बोलले नाहीत.”

त्या गेल्या आणि मी स्टुलावर बसून राहिलो. होणारी गाडी होत नाही म्हणालो त्याचं मला आता फार वाटत नाही. त्या खोट्यानं निदान एक माणूस घरी सुखरूप राहिला. हे दुसरं खोटं कुणाच्या कामाचं आहे? मिलिंदरावांना वाटतं मी त्यांचा चेहरा बघून खोटं बोललो, ताईंना वाटतं त्यांनी नवऱ्याचं सुख काढून घेतलं, आणि दोघांच्या मधे मी बसलोय, दोघांचा विश्वासू माणूस म्हणून.

या दिवाळी अंकासाठी काही तरी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा हेच डोक्यात आलं. नावं मी बदलली आहेत. तरी टूलरूम, मुकुंदवाडी, डावी नडगी एवढ्यावरून ते स्वतःला ओळखतील. हा अंक त्यांच्या घरी दर दिवाळीला येतो, शुभांगीताईंच्या पिशवीत मी तो पाहिलाय. मी दोघांना दिलेला शब्द मोडलाय, त्याबद्दल दोघांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. गॅरेज सकाळी दहापासून उघडं असतं. फक्त त्याआधी, मिलिंदराव, ताई, एक करा. तुमच्यातलं जे आधी हे वाचेल, त्यानं आतल्या खोलीत दुसऱ्याला हाक मारावी.